जालन्याचं पान्सित

मी तहसील कचेरीत नकलनवीस आहे, आचारी नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण गेल्या वैशाखापासून जालन्यातले बरेच लोक मला वाटेत गाठून "काय गिरिधरराव, आज काय शिजवून राह्यले?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता हसत पुढे जातात. ज्याच्या हातची नकल अस्सल कागदाशेजारी ठेवली तर शिरस्तेदारालाही चष्मा पुसून पुन्हा पाहावं लागतं, त्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं. असो.

झालं ते असं. माझा धाकटा भाऊ जगन्नाथ महायुद्धाच्या आधी मनिलाला एका सिंधी व्यापाऱ्याच्या कापडदुकानात कारकून म्हणून गेला आणि युद्धात तिकडेच अडकला. चार वर्षं त्याचं पत्र नव्हतं. युद्ध संपल्यावर तो आला, तो एक ट्रंक आणि एक बायको घेऊन. तिचं नाव रेमेदिओस. हे नाव आमच्या गल्लीत एका दमात कुणाला घेता येईना, तेव्हा घरात ती रेमी झाली आणि गल्लीत रेमाबाई. मुलगी गुणाची. नऊवारी नेसायला आठ दिवसांत शिकली, डोक्यावरचा पदर मात्र तिच्या केसांवर ठरत नसे. चैत्रात जगन्नाथ नोकरी शोधायला मुंबईला गेला. जाताना मला म्हणाला, "दादा, तिला सांभाळ. पाचवा महिना आहे."

सांभाळणं म्हणजे काय, हे मला मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांनी रेमीला काट्यावर उभं केलं, मागच्या महिन्याचा आकडा पाहिला आणि माझी बायको शरयू हिला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही हिला जेवायला देता की नाही?"

शरयूसारख्या बाईला हा प्रश्न म्हणजे काय, हे ज्याने तिच्या हातचं खाल्लंय त्यालाच कळेल. तिने रेमीसाठी मऊ भात केला, मेतकूट केलं, धपाटे केले, ताकातल्या कण्या केल्या, सांज्याच्या पोळ्या केल्या. रेमी प्रत्येक वेळी दोन घास खाई, हात जोडी आणि म्हणे, "छान." तिला मराठीतला तेवढाच शब्द येत होता, आणि तो ती इतक्या गोड तोंडाने म्हणे की ताट भरलेलंच परत जातंय हे आमच्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले.

"औषधाने भागणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिला जे खावंसं वाटतं ते द्या, आणि लवकर द्या."

काय खावंसं वाटतं, हे विचारणार कसं? शरयूला इंग्रजी येत नाही. मला येतं, पण ते अर्जांवर वाढलेलं इंग्रजी. शिवाय मी थोरला दीर. भावजयीशी समोरासमोर बोलण्याची आमच्याकडे रीत नाही. मी ओसरीवरच्या खांबाकडे पाहून, अर्जदाराने आपली मागणी स्पष्ट नमूद करावी, अशा अर्थाचं काहीतरी बोललो. खांबापलीकडून उत्तर आलं, "पान्सित."

मग तिने हातांनी दाखवलं. ताटातून काहीतरी उचललं, ते वर, वर, थेट कपाळापर्यंत गेलं, तरी संपेना. लांब लांब दोरे. इंग्रजीत हळूहळू तिने सांगितलं की कुणाचा वाढदिवस असला, कुणी दुखण्यातून उठलं, की तिची आई पान्सित करी. आई नाही तर मावशी. मनिलाच्या लढाईत घर जळालं, त्यात दोघी गेल्या. रेमी दुकानात टाइप करायची. शिकलेल्या मुलीने चुलीपाशी कशाला यायचं म्हणून आईने तिला कधी पान्सित करू दिलं नाही. तेव्हा ते कसं करतात हे तिला माहीत नव्हतं. कसं लागतं ते तेवढं माहीत होतं. शिवाय आता कढत तेलाचा वास आला की ती तोंड दाबून मोरीकडे धावत असे.

मी हे सगळं शरयूला सांगितलं. तिने त्यातलं फक्त "लांब दोरे" एवढं ऐकलं आणि संध्याकाळी शेवयांची खीर केली. दूध, गूळ, वेलदोडा. वाटीतल्या शेवया पाहून रेमीचा चेहरा असा उजळला की आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून हसलो. तिने घास घेतला. गोड लागला. वाटी खाली ठेवली. या वेळी ती छान म्हणाली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती आत निघून गेली.

शरयू त्या वाटीकडे बघत बसली. अशा वेळी शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, "एवढं काय अवघड आहे त्यात? नीट विचारून, बराबर तसंच्या तसं केलं की झालं."

शरयूने पदर खोचलेला होता तो काढला. "मंग तुम्हीच करा," ती म्हणाली. "तसंच्या तसं करायचं तर तुमचंच काम आहे."

असा मी त्या कामाला लागलो.

मी पद्धतीने सुरुवात केली. जगन्नाथला पत्र लिहून पान्सितचं साहित्य आणि कृती कळवायला सांगितलं. त्याचं उत्तर माझ्याजवळ अजून आहे. "ती. दादांस सा. न. पान्सित शेवयांसारखं असतं पण शेवया नव्हेत. ते गोड नसतं. त्यात भाज्या असतात, कोळंबी असते, ती तू घालू नकोस. त्यावर एक काळं पाणी घालतात. ते खारट असतं आणि ती शाई नव्हे. वरून लिंबासारखं एक फळ पिळतात पण ते लिंबू नव्हे. बाकी सोपं आहे." चार वर्षं ज्याने तो पदार्थ खाल्ला त्याची ही साक्ष. सुदैवाने खाली एक ओळ होती, की मुंबईत एका चिनी दुकानात तांदळाचे ते दोरे आणि काळ्या पाण्याची बाटली मिळाली असून दोन्हींचं पार्सल रेल्वेने धाडलं आहे.

पार्सलची वाट पाहत असताना मी एक चूक केली. पत्र शेजारच्या काकासाहेबांना दाखवलं. काकासाहेब रिटायर झालेले पेशकार. त्यांना माहीत नाही अशी गोष्ट जगात नाही, आणि माहीत असलेली एकही बरोबर नाही. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, पानाचा डबा उघडला, बंद केला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "गिरिधर, शेवया न्हाईत म्हणतो, अन् लांब हायेत म्हणतो. मंग काय राह्यलं? मी निजामाबादला होतो तव्हा ऐकल्तं, तिकडच्या बेटांवर गांडुळं वाळवून ठिवतेत."

"काकासाहेब, तांदळाचं असतं असं लिहिलंय."

"लिहिणारच. तू थोरला भाऊ. तुला खरं कसं लिहील?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत दुपारी डबा सोडला, तर माझे शेजारी बद्रीनाथ आपला डबा उचलून खिडकीत जाऊन बसले. वारा खायला बसलो, म्हणाले. तिसऱ्या दिवशी सगळी कचेरी वारा खात होती. माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी होती. मी ती एकटाच, ताठ मानेने खाल्ली.

चौथ्या दिवशी स्टेशनवरून निरोप आला की पार्सल आलं आहे, पण जकातनाक्यावर अडलं आहे. आमच्या निजामी संस्थानात बाहेरून काहीही आलं की ते नाक्यावर उघडतात. तिथे खैरातअली नावाचे मुन्शी होते. सभ्य माणूस, दाढी पांढरी, कपडे स्वच्छ. त्यांनी पांढऱ्या दोऱ्यांची गुंडी माझ्यासमोर उजेडात धरली.

"ये क्या है जी?"

"शेवया आहेत."

"सेवई इत्ती सफेद? इत्ती सख्त?" त्यांनी एक दोरा ओढून पाहिला. "ये तो सूत है. सूत पे कंट्रोल है, मालूम है ना? परवाना बताओ."

कापसाच्या गावात माणसाला सगळीकडे सूतच दिसतं, हे मी समजू शकतो. मी नम्रपणे सांगितलं की ही खाण्याची चीज आहे. मुन्शीजी म्हणाले, "तो खाके बताओ."

मी खाल्लं. तांदळाचा कोरडा, कच्चा दोरा, स्टेशनच्या नाक्यावर, दोन हमालांसमोर, उभ्याने. माझ्या डाव्या दाढेतून एक आवाज आला, तो त्यांनीही ऐकला. मुन्शीजींनी मान हलवली. "इससे कुछ साबित नहीं होता. हमारे पास एक हमाल था, वो काच खाता था."

मग ते दोरे शिजवून पाहायचं ठरलं. त्यांच्या सिगडीवर चहाची किटली होती, तिच्यात मूठभर दोरे सोडले. ते मऊ झाले. मुन्शीजींनी एक तोंडात घातला आणि विचारात पडले. आता मालाचा प्रकार ठरवायचा तर पंचनामा हवा, आणि पंचनाम्याला पाच सह्या, म्हणून फलाटावरून आणखी तिघं बोलावले. न चाखता सही कशी करायची? हे मीही मान्य केलं. मीसुद्धा कचेरीचाच माणूस. आणखी मूठभर शिजवले. पहिला हमाल म्हणाला, मीठ पाहिजे. मीठ आणलं. दुसऱ्याने तिखट मागितलं. चौथ्या पंचाला पहिल्या खेपेचा अंदाज आला नव्हता म्हणून त्याने दुसरी मागितली. पाचवी सही झाली तेव्हा पुडक्यात सुतळी तेवढी शिल्लक होती.

"पंचनामा बराबर हो गया," मुन्शीजी समाधानाने म्हणाले. "माल खाने का है. ले जाओ."

"मुन्शीजी, माल कुठे आहे?"

त्यांनी पुडक्यात पाहिलं, किटलीत पाहिलं आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. काळ्या पाण्याच्या बाटलीबद्दल मात्र त्यांचा इलाज नव्हता. जी बाटली काळी आणि जिच्यातल्या पदार्थाचं नाव मालकाला सांगता येत नाही, ती दारू नाही हे ठरवायला वर पाठवावी लागते. मला पावती मिळाली. बाटली अजून तपासणीत आहे.

मी निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, कुणासाठी मागवलं होतं. मी सांगितलं. कचेरीतल्या माणसाने सगळं सांगू नये, पण दाढ दुखत होती आणि मन भरून आलं होतं; मी मनिलाच्या लढाईपासून खिरीच्या वाटीपर्यंत सगळं सांगितलं. "मियां," खैरातअली म्हणाले, "हमने चखा ना? वो सेवईच है. दूध नक्को, शक्कर नक्को, बस. तुम्हारे मोहल्ले में सेवई करनेवाली कोई बाई नहीं क्या?"

होती. आमच्या समोरच द्वारकाबाई राहत. मूळच्या वाटूरच्या, मुलगा जिनिंगमध्ये कामाला म्हणून जालन्यात आलेल्या. उन्हाळ्यात निम्म्या गल्लीच्या शेवया त्यांच्या पाटावर होत. मी गेलो तेव्हा त्या दारात गहू निवडत होत्या. माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, "करून देते की. त्यात काय. पर शरयू मला सांगत व्हती, तुमी सोता करणार म्हून. म्हणले होते का न्हाई?"

"म्हणालो होतो."

"मंग उद्या सकाळी या. हात धुऊन या. शाई न्हाई पायजे बोटाला."

शेवया करायला आधी रवा भिजवून दगडासारखा घट्ट गोळा मळायचा, मग तो कुटायचा, मग पुन्हा मळायचा. खाटेला टेकवून एक उतरता पाट ठेवतात, त्याला बारीक खाचा असतात. वर बसून गोळा तळव्याने त्या खाचांवर दाबत न्यायचा, की खालून तारा सुटतात. त्या खाली बसलेल्या बाईने झेलून काठीवर टाकायच्या. हे मी चार ओळींत लिहिलं. त्याला मला तीन दिवस रजा काढावी लागली. पहिल्या दिवशी माझ्या तळव्याखालून जे निघालं ते पाहून द्वारकाबाई म्हणाल्या, "ह्या शेवया न्हाईत बापा, नाडे हायेत." दुसऱ्या दिवशी तारा बारीक आल्या, पण बोटभर लांबीवर तुटल्या. "तुमी तिला वढून राह्यले," द्वारकाबाई म्हणाल्या. "वढायची न्हाई. तळवा सैल सोडा, ती आपल्या पायानं जाती."

दरम्यान काकासाहेब रोज कुणाला तरी घेऊन येत आणि खाटेपासून चार हातांवर उभं करत. एकदा तर कचेरीचा शिपाई तातडीची नकल मागायला थेट तिथेच आला. मी हात धुतले, ओसरीवर बसून नकल केली, पण तिच्या कोपऱ्यावर कणकेचं एक बोट उमटलंच. माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत तेवढा एक डाग. साहेबांनी त्याबद्दल लेखी जाब विचारला आणि मी लेखी खुलासा दिला. त्यात पान्सित हा शब्द उर्दूत कसा लिहावा, याचा विचार करण्यात एक अख्खी दुपार गेली.

तिसऱ्या दिवशी एक वेगळी गोष्ट झाली. रेमी दारात येऊन उभी राहिली. इथे तेल नव्हतं, वास नव्हता, नुसतं पीठ होतं. थोडा वेळ तिने पाहिलं आणि मग पाटाखाली द्वारकाबाईंच्या शेजारी येऊन बसली आणि तारा झेलू लागली. टाइप करणारी बोटं. एकही तार तुटेना. वरून मी सोडत होतो आणि खालून ती नेत होती, आणि एक तार तर अशी निघाली की रेमी ती हातात धरून उभी राहिली, अंगणात चार पावलं मागे गेली, तरी ती अखंड. रेमी हसली. दोन महिन्यांत आम्ही तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"पोरीचा हात चांगला हाय," द्वारकाबाई म्हणाल्या आणि त्या क्षणापासून तिच्याशी बोलू लागल्या. तिला मराठी येत नाही ही गोष्ट त्यांनी विचारातच घेतली नाही. सुनेच्या तक्रारी, वाटूरचा बाजार, गुडघ्याचं दुखणं, सगळं सांगितलं. रेमी मान डोलवी. तेव्हापासून ती रोज दुपारी समोर जाऊन बसू लागली.

शेवया झाल्या. राहिलं काळं पाणी. मी चिंचेचा कोळ उकळून पाहिला, गूळ जाळून पाहिला, मीठ घालून अमसुलं भिजवली. प्रत्येक वाटी रेमीपुढे ठेवायची, ती बोट बुडवून चाटायची आणि मान हलवायची. असे दोन दिवस गेले. आणि मग काकासाहेबांची शेळी आजारी पडली.

कारण मीच. माझे पहिल्या दिवशीचे नाडे वाळत घातले होते, ते शेळीने सगळे खाल्ले आणि तिचं पोट फुगलं. काकासाहेब मला बोलवायला आले ते पंचनामा करायच्या तयारीनेच. मी गेलो. त्यांच्या पत्नी, दुर्गाबाई, शेळीच्या तोंडात चमच्याने काहीतरी घालत होत्या. काळंकुट्ट, पातळ.

"हे काय आहे, दुर्गाबाई?"

"लिंबाच्या लोणच्याचा खार. बारा वर्साचं लोणचं हाय. पोटाला याच्यासारखं औषध न्हाई."

मी चमच्याला लागलेला थेंब बोटावर घेऊन चाखला. शेळीच्या चमच्यातला, हो. खारट, आंबूस, मुरलेला. जगन्नाथचं पत्र माझ्या डोळ्यांपुढे आलं: काळं, खारट, शाई नव्हे, आणि वरून लिंबासारखं काहीतरी. एकाच बरणीत दोन्ही.

मी वाटीभर मागितला. दुर्गाबाईंनी बरणीवर दादरा बांधला. "शेळीला देईन," त्या म्हणाल्या. "गांडुळावर वतायला न्हाई देणार."

मी समजावलं, काकासाहेबांनी त्यात भर घालून ते बिघडवलं, आणि मी हात हलवत परत आलो. संध्याकाळी शरयू उठली, रेमीच्या हातात रिकामी वाटी दिली आणि तिला घेऊन शेजारी गेली. काय बोलणं झालं असेल? शरयू सांगते, काहीच नाही. दुर्गाबाईंनी रेमीला पहिल्यांदा इतकं जवळून पाहिलं. वाटी धरलेला तो हात पाहिला. बांगड्या कोपरापर्यंत मागे गेल्या होत्या. त्यांनी रेमीच्या हातातली वाटी काढून घेतली, घरातला मोठा वाडगा आणला आणि तो काठोकाठ भरला. रेमीने तिथेच बोट बुडवून चाखलं आणि मान हलवली नाही. पुन्हा बोट बुडवलं.

रविवारी मी चुलीपाशी बसलो. शरयू मदतीला होती, म्हणजे भिंतीला टेकून बघत होती. रेमी अंगणात, वाऱ्याच्या बाजूला, नाकाला ओला पदर लावून. द्वारकाबाई उंबऱ्यावर. काकासाहेब आपल्या भिंतीवरून मान काढून उभे. पहिल्या खेपेला मी शेवया इतक्या उकळल्या की त्यांचा लगदा झाला. दुसऱ्या खेपेला कढईला चिकटल्या. तिसऱ्या खेपेला लसूण, कांदा आणि गवारीच्या शेंगा बरोबर परतल्या गेल्या, शेवया एकच कढ देऊन निथळल्या, पण त्या इतक्या लांब होत्या की कढईत मावेनात. मी त्या मोडायला हातात घेतल्या.

अंगणातून रेमी धावत आली. मी वर पाहीपर्यंत तिने माझं मनगट धरलं होतं. थोरल्या दिराचं मनगट. तिला भान नव्हतं. ती इंग्रजीत भरभर म्हणत होती की मोडायच्या नाहीत, कधीच मोडायच्या नाहीत, त्या लांब म्हणजे आयुष्य लांब, आई म्हणायची.

मी शेवया सोडल्या. मग आम्हा सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की ती कढत तेलाच्या कढईपासून एका हातावर उभी आहे. शरयूने मोरीची वाट मोकळी केली. आम्ही थांबलो. रेमी थांबली. तिने पदर नाकावरून काढला, हळूच एक श्वास घेतला, लसणाचा. मग आणखी एक. मग खाली बसली, माझ्या हातातलं उलथनं घेतलं, दुसरं शरयूकडून मागून घेतलं आणि दोन्ही हातांनी शेवया उंच उचलून सोडू लागली. उचलायच्या, सोडायच्या. वाडग्यातला खार कडेकडेने ओतला. तिला कुणी शिकवलं नव्हतं; चुलीपाशी उभं राहू न देणाऱ्या आईकडे तिने दारातून पाहिलं असेल तेवढंच.

मला सरकायला सांगायचीही कुणाला गरज वाटली नाही. मी सरकलो. तीन आठवड्यांची खटपट, एक दाढ आणि नोकरीतला एकुलता एक डाग, एवढं घालून मी माझ्याच चुलीपुढून बाजूला झालो होतो. सांगायला हरकत नाही, मला थोडं लागलं. पण फार नाही.

ती पाटावर बसून जेवली. शेवया तोंडाशी नेताना तिचा हात कपाळापर्यंत वर जात होता. ताट निम्मं झालं तेव्हा शरयूला राहवेना. "इचारा ना," ती मला म्हणाली. "जमलं का?"

मी खांबाकडे पाहून विचारलं. रेमीने घास गिळला, खरं सांगावं की नाही याचा विचार केला आणि खरं सांगितलं. हे पान्सित नाही. आईचं असं नसायचं.

शरयूचे खांदे उतरले. माझेही. भिंतीवरून काकासाहेब म्हणाले, "मी सांगल्तं." तेवढ्यात रेमीने रिकामं ताट शरयूपुढे धरलं. "लई भूक हाय," ती म्हणाली.

हे तिला कुणी शिकवलं, ते विचारायची गरज नव्हती. उंबऱ्यावर द्वारकाबाई पदराने तोंड पुसत होत्या.

त्या दिवशी तिने तीनदा मागून घेतलं. पुढच्या आठवड्यात शेवया पुन्हा केल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. भूक एकदा उघडल्यावर ती भाकरी खाऊ लागली, धपाटे खाऊ लागली, ताकातल्या कण्या मागू लागली. ज्येष्ठात डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, काटा खराब झाला की काय म्हणून स्वतः चढून पाहिलं आणि मग शरयूच्या पाठीवर हात ठेवला. शरयू घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर रडली असती, असं ती म्हणते. मला तर वाटेत तिने दोनदा डोळे पुसलेले दिसले.

जगन्नाथ आषाढात परतला. जालन्यातच एका दुकानात त्याचं काम जमलं होतं आणि स्वारी खुशीत होती. त्याच्यासाठी पान्सितचा बेत होता. दोघी जावांनी मिळून केला. मला शेवयांच्या पाटापलीकडे आता कुणी येऊ देत नाही. जगन्नाथने पहिला घास घेतला, जाणकाराने घ्यावा तसा डोळे मिटून, आणि म्हणाला, "चांगलं आहे. पण मनिलाला यात कोळंबी असते. शेवया तांदळाच्या असतात. आणि हा वास कसला, लोणच्याचा? खरं पान्सित म्हणजे दादा, तुला सांगतो—"

रेमीने त्याच्या ताटात आणखी एक वाढणी घातली, लांब, न मोडता.

"मनिला दूर हाय," ती म्हणाली. "गुमान खा."

जगन्नाथने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माझ्या ताटात पाहिलं. थोड्या वेळाने त्याने ताट पुढे केलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, आणखी आहे का.